उपटलेली फेसाळी

फाटकाशी ढीग होता. कमरेएवढा उंच, नीट रचलेला, वरून निळी ताडपत्री घालून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवलेला. कचऱ्याची एवढी बडदास्त पालेवालीने आजवर कुठे पाहिली नव्हती. तिने एक दगड बाजूला सारला, ताडपत्रीचं टोक उचललं, आत हात घातला आणि हाताला लागलं ते बाहेर काढलं. मऊ लव असलेली, गोलसर, कोमेजलेली पानं, आणि खाली बारीक गाजरासारखं, मध्येच तुटलेलं मूळ. तिने पुन्हा हात घातला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने दोन्ही हात कोपरापर्यंत आत खुपसले, पण ओंजळभर जे आलं त्यातही दुसरं काही नव्हतं. मग ती फाटकाजवळच्या दगडावर मटकन बसली.

दोन दिवस ती नव्हती. फक्त दोन दिवस. धाकट्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि उशाशी बसायला दुसरं कोणी नव्हतं. चौदा वर्षांत ती या उताराला सोडून दोन दिवस कुठे राहिली नव्हती, आणि राहिली तर तेवढ्यात कुणीतरी डाव साधला. डाव, असंच तिला त्या क्षणी वाटलं. खरं काय ते कळल्यावर वाटलं, डाव असता तर परवडलं असतं. डाव साधणाऱ्याला निदान आपण काय करतोय ते ठाऊक असतं.

तिने वर पाहिलं. उतारावर ओळीच ओळी होत्या. तीनशे रोपं, प्रत्येकाशेजारी एक काठी, प्रत्येक काठीला एक चिठ्ठी. जांभळ्या फुलांची, रोपवाटिकेतून टेम्पोने आणलेली, या मातीशी काडीचाही संबंध नसलेली रोपं. आणि मधोमध, रंगाचा वास अजून न गेलेला एक लाकडी फलक: ‘ही जमीन आम्ही जपतो.’ खाली साबण कारखान्याचं चिन्ह.

जपतो म्हणे!

पालेवाली हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण पाठीवर पाल्याचं गाठोडं घेऊन ती इतकी वर्षं त्याच रस्त्याने जाते-येते आहे की खरं नाव विचारलं तर शेजारीही क्षणभर घुटमळतील. त्याआधी ती हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात होती. नऊ वर्षं. रोज चादरींचे डोंगर आणि कडक सोडा. त्या सोड्याने तिच्या बोटांना अशा भेगा पडल्या की घरी पीठ मळताना तिला हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवाव्या लागत. तेव्हा सासूने तिला कालव्याकाठी नेऊन एक झाड दाखवलं. झाड कसलं, झुडूपच. त्याची पानं पाण्यात चुरडली की पांढरा फेस येई आणि लिंबाच्या सालीसारखा वास सुटे. जुन्या बायका त्यानेच लोकर धूत. त्याला म्हणत फेसाळी. त्या पाण्यात महिनाभर हात बुडवल्यावर तिच्या भेगा भरून आल्या, आणि धुलाईखान्याकडे तिने पाठ फिरवली ती कायमची.

फेसाळीची चाल मात्र साधी नाही. पहिल्या वर्षी ती जमिनीला पाठ टेकून नुसती बसून असते. बशीएवढी पानांची चकती, ना खोड ना फूल. दुसऱ्या वर्षी त्यातूनच कमरेएवढा दांडा वर येतो, पिवळी फुलं धरतो, बी टाकतो आणि मरतो. पालेवाली पहिल्या वर्षीच्या झाडांना बसक्या म्हणे आणि दुसऱ्या वर्षीच्यांना उभ्या. कापायची ती उभीच, तीही तिनांतली एक. उरलेल्या दोघी बी टाकायला ठेवायच्या. बसकीला तर हातही लावायचा नाही. बसकी म्हणजे पुढच्या वर्षीची उभी. हे एवढं साधं आहे, पण साधंच असतं ते माणसाला सांगूनही कळत नाही.

आणि हा उतार! आज त्यावर उभं राहून जे लोक ‘अहाहा’ करतात त्यांनी तो चौदा वर्षांपूर्वी पाहायला हवा होता. विटांसाठी माती खणून खणून लोकांनी त्याची सालटी काढली होती. पाऊस आला की उरलीसुरली माती वाहून खालच्या पाणीपुरवठ्याच्या टाकीत जाई. सगळ्या उतारावर, एका कपारीत, फेसाळीची फक्त तीन झाडं होती. पाणीपुरवठ्याचे त्या वेळचे साहेब पालेवालीला म्हणाले, ‘माती थांबवून दाखवा, मग पाला काय हवा तेवढा न्या.’ ती बाई कामालाच लागली. काटक्या आणल्या, उताराला आडव्या रचल्या. लोकांच्या बागांतलं कापलेलं गवत मागून आणलं आणि उघड्या मातीवर पसरलं. शेळ्या हाकलल्या, शेळ्यावाल्यांच्या शिव्या खाल्ल्या. चार वर्षं तिने एक पानसुद्धा तोडलं नाही. पाचव्या वर्षी काटक्यांच्या मागे ओली, काळी माती साचली, तिच्यात गांडुळं आली, गांडुळांमागे पाखरं आली, आणि फेसाळी कपारीतून बाहेर पडून सबंध उतारावर पसरली. टाकीतलं पाणी नितळ झालं ते वेगळंच. त्याबद्दल कुणी फलक लावला नाही.

साबण कारखाना पाच वर्षांपूर्वी आला. मालकीणबाई तशी चांगली, हे पालेवाली आजही नाकारत नाही. तिशीतली, हसतमुख, ‘मावशी, मावशी’ करत फिरणारी. तिला कृत्रिम रंग-वासांविना साबण करायचा होता, रानातल्या पाल्याचा, आणि तोही जमीन सुधारणाऱ्या माणसांकडून घेतलेल्या. बाईच्या मनात खोट नव्हती. पण मनात खोट नसलेली माणसं जेवढं नुकसान करून जातात तेवढं करायला खोट असलेल्यांना फुरसतच नसते.

ढिगातला पाला पालेवालीने गाठोड्यात बांधला आणि तशीच तरातरा कारखान्यात गेली.

कारखाना म्हणजे पूर्वीचं मोटारींचं गॅरेज. लांबलचक, वर पत्रा. एका टोकाला दोन स्टीलच्या कढया, तिथे कढईवाले काका डोळ्यांवर जाड चष्मा आणि हातांत रबरी मोजे घालून कॉस्टिक सोड्याचं पाणी तेलात सोडत असत. मधे तारेने वड्या कापायचं टेबल. भिंतीलगत मांडण्या, त्यांवर वड्या सहा आठवडे सुकत पडलेल्या. आणि खिडकीपाशी वेष्टनाचं टेबल. तिथे चार बायका वड्या कागदात गुंडाळून सुतळीने बांधत. त्या चौघींतली एक पालेवालीची लेक.

पालेवालीने गाठोडं थेट त्या टेबलावर उपडं केलं. माती वड्यांवर उडाली, कागदांवर उडाली, एका बाईच्या चहातही पडली.

‘हे काय आहे ते सांगा,’ ती म्हणाली.

सगळे जमले. मालकीणबाई काचेच्या केबिनमधून बाहेर आली. तिने पाहिलं आणि ती हसलीच. ‘अहो मावशी, हे तर आपण परवा काढलेलं तण! तुम्हाला सरप्राइज द्यायचं होतं. अकरा जण होतो आम्ही, दिवसभर खपलो. उतार कसला स्वच्छ झालाय, पाहिलात ना?’

‘तण,’ पालेवाली म्हणाली. ‘बरं. एक भांडं पाणी द्या.’

काकांनी बादलीतून वाडगाभर पाणी आणून दिलं. पालेवालीने ढिगातली एक बसकी उचलली, तिची माती झटकली, पानं वाडग्यात चुरडली आणि दोन्ही हातांनी घुसळली. पांढरा फेस वर आला, काठावरून ओघळून टेबलावर पडला. आणि लिंबाच्या सालीचा तो वास सबंध पत्र्याखाली पसरला. तो वास त्या लोकांना चांगला ठाऊक होता. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते त्याच वासात वावरत होते.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. वाडग्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. परवा त्यांनीच सगळ्यांत जास्त उपटलं होतं, मुळासकट, कमरेला पट्टा बांधून.

‘पाच वर्षं याचा साबण करताय,’ पालेवाली म्हणाली. आवाज चढवायचा नाही असं ठरवून आली होती, पण तो चढलाच. ‘पाच वर्षं! याच्यावर पोट भरतंय तुमचं. आणि समोर आलं तेव्हा ओळखता येईना? पुढच्या वर्षीची सगळी फेसाळी उपटलीत तुम्ही. सगळी! वरून ताडपत्री घातलीत, जशी काही थंडी वाजणार होती तिला!’

मालकीणबाईचा चेहरा पडला. ‘सॉरी, मावशी. खरंच सॉरी. आम्हाला काय कल्पना? आमच्याकडे पाला येतो तो वाळलेला, चुरा केलेला…’ मग तिला एकदम आठवलं. ‘पण आपण तीनशे रोपं लावलीत ना!’

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते पालेवालीला त्या क्षणी नीट कळलं. म्हणजे हिच्या हिशोबी फिट्टंफाट झाली होती.

‘या वर्षी मी एकही उभी कापणार नाही,’ ती म्हणाली. ‘बसक्या गेल्या. आता आहेत त्या उभ्यांनी बी टाकलं नाही, तर दोन वर्षांनी उतार पुन्हा बोडका.’

‘पण चाळीस दुकानांना शब्द दिलाय आपण. वेष्टनं छापून आलीत.’ मालकीणबाईचा सूर अजूनही गोडच होता. ‘असं करू. तुम्ही दमलायत, बहिणीचं ऑपरेशन झालंय. या वेळी आमची माणसं कापतील. शनिवारी. आता आम्हाला ते झाड कळलंय ना. आणि परवानगीचं म्हणाल तर फलक लावायचा होता म्हणून पाणीपुरवठा खात्याकडून उतार यंदा कारखान्याच्या नावावर घेतलाय. तुम्ही काळजीच करू नका.’

काळजी करू नका! पालेवाली पाणीपुरवठ्याच्या कचेरीत गेली. जुने साहेब कधीच निवृत्त झाले होते. नव्या कारकुनाने तीन फायली चाळल्या आणि मान हलवली. ‘मावशी, तुमचं नाव कुठंच नाही. जुन्या साहेबांनी तोंडी सांगितलं असेल.’ चौदा वर्षांच्या काटक्या आणि चौदा वर्षांचं गवत, सगळं तोंडी. तिने त्याला विचारलं, तुम्ही पिता ते पाणी कुठल्या टाकीतलं? त्याला वाटलं ती पाणी मागतेय. त्याने ग्लास पुढे केला.

संध्याकाळी लेक घरी आली तेव्हा पालेवाली माडीवरच्या वाळवणाच्या खोलीत होती. या खोलीत समोरासमोर दोन खिडक्या, दोन्हींना जाडं कापड, म्हणजे वारा यावा पण ऊन येऊ नये. जाळीच्या मांडण्या छतापर्यंत. आता सगळ्या रिकाम्या.

‘तूही होतीस ना त्या अकरांत?’ पालेवालीने विचारलं.

लेक दारातच उभी राहिली. ‘होते.’

‘मग?’

‘दुपारी घाम पुसताना हाताला वास आला,’ लेक म्हणाली. ‘मी सुपरवायझरना विचारलं, हे आईचं तर नाही ना? ते म्हणाले, तुझ्या आईला कापताना रस्त्यावरून पाहिलंय, तिचं ते उंच, फुलांचं. हे खालचं तण. मला पटलं.’

‘पटलं? हाताला वास येतोय, नाक शाबूत आहे, आणि पटलं? एक फोन करता आला नाही?’

‘तू मावशीच्या ऑपरेशनला होतीस!’

‘ऑपरेशन तिच्या डोळ्याचं होतं, माझ्या कानाचं नव्हतं!’ पालेवालीने हातातली जाळी आपटली. ‘माझ्या पोटची पोर आणि माझीच फेसाळी उपटते! त्या लोकांना नाही कळलं, समजू शकते. तुला कळू नये?’

एरवी या वाक्याला लेक गप्प बसली असती. त्या दिवशी नाही बसली.

‘कशी कळणार?’ ती म्हणाली. ‘मी आठ वर्षांची होते तेव्हा शेवटची नेलंस मला उतारावर. नंतर कधी विचारलं तर म्हणायचीस, तू तुझं शिक, तुला या पाल्यात पडायचं नाही. घरी पाला आणतेस तो गाठोड्यात झाकून. माडीला कुलूप. आणि कारखान्यात देतेस तो चाळणीतून काढून, पिठासारखा. पान कसं असतं ते कुणाला दिसू नये म्हणून! दिसू दिलंस का कधी कुणाला? मग आता कशाला ओरडतेस, की ओळखलं का नाही?’

आणि लेक खाली निघून गेली.

पालेवाली मांडणीला टेकून राहिली. यावर तिच्याकडे उत्तर होतं, चांगलं भक्कम उत्तर होतं, पण ते ऐकायला कुणी उरलं नव्हतं. तिने कालव्याकाठी एकदा दाखवलं होतं ना पान! औषधी पाल्याचा एक व्यापारी आला होता, गोड बोलला होता. तिने भाबडेपणाने त्याला हिरवं झाड दाखवलं. आठ दिवसांत त्याच्या माणसांनी कालव्याचा सबंध काठ मुळासकट उपसून पोत्यांत भरला. सासूने ज्या जागेवर तिला फेसाळी दाखवली होती तिथे आज बाभूळसुद्धा नीट उगवत नाही. त्या दिवशी तिने कानाला खडा लावला होता. हिरवं पान कुणालाही दाखवायचं नाही. पाला घरात आणायचा झाकून, वाळवायचा कुलपात, आणि तळहातावर चोळून, बारीक चाळणीतून काढूनच बाहेर द्यायचा. कुणाला ओळखूच आली नाही तर कुणी लुटणार नाही. चौदा वर्षं हे कुलूप पुरलं. लुटायला कुणी आलं नाही. आणि शेवटी ज्यांनी उपटलं त्यांनी ओळखूच न आल्यामुळे उपटलं.

हे असं मनाशी सरळ मांडल्यावर तिला स्वतःचाच इतका राग आला की रिकाम्या मांडणीला तिने लाथ घातली. अंगठा सुजला.

पुढचे तीन दिवस मायलेकी बोलल्या नाहीत. लेक सकाळी डबा घेऊन जाई, गुरुवारी तर बऱ्याच उशिरा परतली, चपला मातीने भरलेल्या. पालेवालीने पाहिलं, पण विचारणार कशी? अबोला धरलाय म्हटल्यावर तो धरलाच पाहिजे.

शुक्रवारी ती एकटीच उतारावर गेली आणि गुडघ्यांवर, हातांवर, इंचाइंचाने रांगत सगळा उतार पालथा घातला. तिथे तिला एक गोष्ट दिसली. अकरा जणांनी सगळं साफ केलं होतं, पण उंच फुलांची झाडं मोडू नयेत म्हणून त्यांच्या अगदी बुंध्याशी कुणी हात घातला नव्हता. ती एक काळजी त्यांनी घेतली होती. आणि तिथे, उभ्यांच्या पायांशी, वाळल्या पानांखाली, बसक्या शिल्लक होत्या. काही रुपयाएवढ्या, काही तळहाताएवढ्या. तिने मोजल्या. अडुसष्ट. हजारोंतल्या अडुसष्ट. आणि उद्या विळे घेऊन येणारे लोक उभी कापायला कुठे बसणार? बरोबर त्यांच्यावर.

शनिवारी कारखान्याची गाडी सकाळीच आली. अजून दव होतं. दवात कापलेला पाला काळा पडतो हेही यांना ठाऊक नव्हतं, पण ते सांगायचं तर कशाकशाचं सांगायचं? मालकीणबाई उतरली, मागून सुपरवायझर, काका, वेष्टनाच्या बायका. हातांत नवे कोरे विळे, मुठींवर दुकानाच्या चिठ्ठ्या तशाच. आणि सगळ्यांत शेवटी लेक उतरली. तिच्याही हातात विळा होता.

पालेवाली उताराच्या मध्यावर उभी होती. रस्ता अडवायला ती आली होती, पण एका बाईने सबंध उतार अडवायचा कसा? आणि लेकीच्या हातात विळा बघितल्यावर ती अडवायचंही विसरली. इतके दिवस जी माणसं तिला मूर्ख वाटत होती ती अजून मूर्खच वाटत होती. लेक मात्र मूर्ख वाटली नाही; तिला तर आता सगळं ठाऊक होतं.

‘मावशी, तुम्ही फक्त बघा,’ मालकीणबाई म्हणाली. ‘तुमचाच नियम पाळणार. तिनांत एक.’ आणि आपण स्वतः सुरुवात करावी, सगळ्यांना हुरूप यावा, म्हणून ती पहिल्या उभीपाशी गेली, एक गुडघा खाली टेकला आणि विळा पुढे केला.

‘उठा!’

पालेवाली दचकली. ओरडली ती नव्हती.

‘उठा आधी!’ लेक ओळी ओलांडत, जांभळी रोपं चुकवत, मालकीणबाईसमोर येऊन उभी राहिली. सुपरवायझर ‘अगं, अगं’ करत मागे आला, तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ‘गुडघ्याखाली बघा. बघा म्हणते ना!’

तिची रोजीरोटी जिच्या हातात होती, ती बाई मुकाट्याने उठली. तिने खाली पाहिलं. बुंध्याशी एक बसकी चिरडून चिखलात बसली होती. बाईच्या पँटच्या गुडघ्यावर हिरवा डाग होता आणि दवात भिजलेल्या त्या डागावर बारीक पांढरा फेस धरला होता.

‘प्रत्येक उभीच्या पायाशी आहेत,’ लेक म्हणाली. ‘आपण उपटल्या नाहीत तेवढ्याच उरल्यात. उभी कापायला बसलं की त्या मेल्या. परवा काम सुटल्यावर मी इथे येऊन मोजल्या. एक्काहत्तर होत्या.’ तिने बाईच्या गुडघ्याकडे पाहिलं. ‘आता सत्तर.’

वेष्टनाच्या बायका पाय उचलून खाली बघायला लागल्या होत्या. आपण कुठे उभे आहोत ते आता प्रत्येकीला पाहायचं होतं, आणि पाऊल ठेवायचं धाडस कुणाला होत नव्हतं. काका खाली वाकले. त्यांनी एका बुंध्याशी पानं बाजूला केली, बराच वेळ पाहिलं, पानं पुन्हा होती तशी सारखी केली आणि विळा फाटकाच्या दिशेने लांब फेकून दिला.

‘मी नाही कापत,’ ते म्हणाले. ‘कामावरून काढून टाकायचं तर टाका.’

‘काका, तुम्ही तरी…’ मालकीणबाई म्हणाली. तिने आजूबाजूला पाहिलं. विळा उगारलेलं कुणीच उरलं नव्हतं. ‘मग दुकानांना मी काय सांगू?’

पालेवाली पुढे झाली. ‘खरं सांगा,’ ती म्हणाली. ‘सांगा की आम्ही जमीन जपायला गेलो आणि जी जपायची तीच उपटली. म्हणून यंदा साबणात फेसाळी नाही. छापा वेष्टनावर. आणि तो फलक आधी उचला इथून, त्याच्या खड्ड्याखालीही चार गेल्या असतील!’

मालकीणबाईने फलकाकडे पाहिलं, गुडघ्याकडे पाहिलं. पाय जपून टाकत, आल्या पावलांवरच पाऊल ठेवत, ती गाडीकडे चालू लागली. मागोमाग बाकीचे निघाले, एकामागे एक, रांगेत. सुपरवायझर जाताना लेकीला म्हणाला, ‘सोमवारी यायचं की नाही ते फोन करून विचार.’ गाडीचं दार लागलं. काका मात्र गाडीत बसले नाहीत, जपून पावलं टाकत परत वर येऊन फलकाचा खांब हलवून बघायला लागले.

लेक होती तिथेच उभी राहिली. विळा अजून हातात होता. नोकरी गेली असं तिलाही वाटत होतं, आणि आई आता काय म्हणेल ते तिला कळत नव्हतं.

पालेवाली तिच्याजवळ आली. राग तिच्या चेहऱ्यावरून उतरला नव्हता, चौदा वर्षांचा राग एका सकाळीत उतरत नाही. तिने लेकीच्या हातातला विळा काढून घेतला.

‘एक्काहत्तर म्हणालीस?’

‘हो.’

‘मी काल दिवसभर रांगले. मला अडुसष्टच सापडल्या.’ पालेवालीने डोक्याचं फडकं सोडून त्याने नाक पुसलं. ‘उरलेल्या तीन कुठे आहेत? चल, दाखव मला.’